बांहेधरी : सावकार, महाराज आणि आपले बचत खाते

गुजरातेत सरकारी नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला 'बांहेधरी' हा शब्द पाठ असतो. दाखला हवा, बांहेधरी द्या. घरासाठी आगाऊ रक्कम हवी, बांहेधरी द्या. आपण मराठीत ज्याला हमीपत्र म्हणतो तेच हे. आमच्या टेबलावरून आजवर अशी शेकडो पत्रे गेली असतील, पण या शब्दाचा अर्थ कधी थांबून पाहावासा वाटला नाही. बांह म्हणजे बाहू, आणि तो धरणे म्हणजे बांहेधरी. एखाद्याचा हात धरून "याचा भार माझ्यावर" असे सांगणे, एवढा साधा त्याचा अर्थ आहे.

हा अर्थ आम्हाला नीट कळला तो काही वर्षांपूर्वी, गौरी-गणपतीच्या खरेदीसाठी पैसे काढायला गेलो तेव्हा. एटीएमने पैसे दिले नाहीत. शिल्लक दिसत होती, पण निघत नव्हती. शाखेत चौकशी केल्यावर तिथल्या बाईंनी हळू आवाजात सांगितले, "तुमच्या खात्यावर वसुलीचा हुकूम आलाय." आम्ही कुणाचे एक पैसाही कर्ज घेतलेले नव्हते. मग आठवले. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने मुलीच्या लग्नासाठी एका क्रेडिट सोसायटीचे कर्ज काढले होते आणि जामीन म्हणून आम्ही सही केली होती. पुढे त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, गाव सोडले, हप्ते थांबले. नॉमिनी कोर्टाच्या नोटिसा आमच्या जुन्या भाड्याच्या घरी जात राहिल्या. निकाल आमच्या गैरहजेरीतच झाला. घरी आल्यावर सौ.ने एकच प्रश्न विचारला, "सही करताना वाचलं होतं का?" उत्तर आमच्याजवळ नव्हते.

त्या प्रकरणाच्या निमित्ताने आम्ही कायदाही थोडा वाचला आणि बडोद्याचा इतिहासही. वाचता वाचता लक्षात आले की आमच्या खात्यावर जे घडले ते याच शहरात एका महाराजांच्या बाबतीतही घडले होते. ती हकीकत स्मरणिकेच्या वाचकांना आवडेल आणि थोडी उपयोगीही पडेल, म्हणून हा लेख.

दारात बसलेला सावकार

कर्ज वसुलीचा आपल्याकडचा जुना मार्ग म्हणजे तगादा, आणि तगाद्याचे टोक म्हणजे धरणे. सावकार, किंवा त्याच्या वतीने एखादा ब्राह्मण, ऋणकोच्या दारात उपाशी बसे. तो उठेपर्यंत घरातल्यांनीही जेवू नये अशी रीत होती. दारात कुणी उपाशी मेले तर पाप घराला लागणार, या भीतीवर सगळी वसुली चाले. मोठी माणसेही यातून सुटत नसत. दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रांत, खुद्द शिंद्यांनाच थकलेल्या येण्यासाठी धरणे धरल्याची हकीकत दिली आहे. पुढे इंग्रजांनी धरणे हा गुन्हा ठरवला. १८६० च्या भारतीय दंड संहितेत, दैवी कोपाची भीती घालून काम करवून घेण्याबद्दलच्या ५०८ व्या कलमात, दारात धरणे धरून बसण्याचेच उदाहरण दिलेले होते. आज मागण्यांसाठी आम्ही कर्मचारी ज्या धरणे आंदोलनाला बसतो, त्या शब्दाचे मूळ असे सावकारीत आहे.

धरण्याबरोबरच आपल्या परंपरेत ऋणकोच्या बाजूचीही एक गोष्ट होती, ती म्हणजे दामदुपटीचा नियम. व्याज कितीही साचले तरी एका वेळी मुद्दलाइतक्याहून जास्त व्याज वसूल करता येणार नाही. मनुस्मृतीपासून आलेला हा नियम मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही मानला. म्हणजे देणे फेडलेच पाहिजे, पण त्याला कुठेतरी हद्द हवी, हा विचार आपल्याकडे नवा नाही.

अरबांची बांहेधरी

आता आपल्या बडोद्याकडे येऊ. अठराव्या शतकाच्या अखेरीस गायकवाडी राज्याचा कारभार उधारीवर चालला होता. शिबंदीचे पगार थकत. पगारासाठी पेढ्यांकडून पैसा उचलायचा आणि त्या बदल्यात एखाद्या महालाच्या वसुलीवर वरात द्यायची. वरात म्हटले की आज घोड्यावरचा नवरदेव डोळ्यांपुढे येतो, पण त्या काळी वरात म्हणजे 'अमुक महालाच्या वसुलीतून अमुक इसमास इतकी रक्कम द्यावी' असा लेखी हुकूम. व्याजाशिवाय मनोती नावाची वेगळी आकारणी असे, ती निराळीच. हरिभक्तींची पेढी, मैराळ नारायणांची पेढी, सामळ बेचरांची पेढी या बडोद्याच्या मोठ्या पेढ्या. शहराच्या जुन्या भागात हरिभक्तींचे नाव अजूनही ऐकू येते.

पण राजाच्या शब्दावर पेढीने विश्वास का ठेवावा? राजा म्हणजे सत्ता. त्याने देणे नाकारले तर दाद कुठे मागायची? इथे बांहेधरी आली. गायकवाडांच्या पदरी अरब शिपायांच्या पलटणी होत्या आणि शहराचे दरवाजे त्यांच्या ताब्यात होते. त्यांचे जमादार जामीन राहत. दिवाण, सावकार, सरदार, कुणाचाही करार असो, अरबाची बांहेधरी असली की तो पक्का. राजाने शब्द मोडला तर अरब दरवाजे बंद करीत. जामीनदाराच्या हातात तलवार असली की जामिनकीला किती वजन येते, ते यावरून समजावे.

१८०० मध्ये गोविंदराव महाराज वारले आणि आनंदराव गादीवर आले. ते प्रकृतीने आणि मनाने दुर्बळ होते. घरात भाऊबंदकी सुरू झाली. दिवाण रावजी आप्पाजी यांनी मुंबईकर इंग्रजांची मदत मागितली आणि १८०२ च्या सुरुवातीला मेजर वॉकर फौज घेऊन आला. अरबांना निरोप द्यायचा तर आधी त्यांची थकबाकी चुकती करायला हवी होती. अरबांनी शहर सोडायला नकार दिला. त्याच वर्षी डिसेंबरात बडोद्याला वेढा पडला आणि अखेर अरब हटले. त्यांच्या थकबाकीसाठी जो पैसा लागला, तो काही कंपनीने आणि काही इथल्या पेढ्यांनी दिला. पेढ्यांनी मात्र अट घातली की बांहेधरी आता कंपनीची हवी. अरबांच्या जागी इंग्रज जामीन राहिले. बडोद्याच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या राजकारणाची किल्ली या एका गोष्टीत आहे.

बांहेधरी फक्त पैशांची नव्हती, माणसांचीही होती. गंगाधरशास्त्री पटवर्धनांची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पेशव्यांशी असलेल्या हिशेबाच्या वादासाठी ते बडोद्याहून पुण्याला गेले, तेव्हा त्यांच्या सुरक्षिततेची हमी इंग्रजांनी घेतली होती. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. इंग्रजांनी त्र्यंबकजी डेंगळ्यांना ताब्यात देण्याचा हट्ट धरला. त्या हट्टामागे राजकारण होतेच, पण 'आमच्या हमीवर आलेला माणूस मारला गेला' हा मुद्दाही होता. हमी घेणारा बलवान असेल तर मोडलेल्या हमीची किंमत तो वसूल करतो. दुर्बळ असेल तर ती किंमत स्वतः मोजतो.

महाराजांच्या उत्पन्नावर टाच

१८१९ मध्ये आनंदराव वारले आणि दुसरे सयाजीराव गादीवर आले. पुढच्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन बडोद्यास आले. हिशेब मांडला तर राज्याचे कर्ज एक कोटीच्या वर गेलेले. एल्फिन्स्टन यांनी अंतर्गत कारभार महाराजांच्या हाती दिला, पण एका अटीवर : ज्या देण्यांना आणि ज्या माणसांना कंपनीची बांहेधरी आहे, त्यांना धक्का लागता कामा नये.

महाराज तरुण आणि स्वाभिमानी होते. आपल्या राज्यातले सावकार आपल्याविरुद्ध रेसिडेंटकडे दाद मागतात, ही गोष्ट त्यांना सलत असे. इंग्रजांचा आक्षेप असा, की राज्याचे देणे तसेच ठेवून महाराज खाजगी खजिना भरीत आहेत. दोन्ही बाजूंत तथ्य असावे असे आम्हाला वाटते. महाल सात वर्षांच्या इजाऱ्याने देऊन त्या उत्पन्नातून पेढ्यांचे देणे फेडावे अशी योजना रेसिडेंटने पुढे केली. महाराजांनी ती मानली नाही.

१८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी जप्तीचा जाहीरनामा काढला. पेटलाद, कडी, डभोई, सिनोर, अमरेली वगैरे महालांचे उत्पन्न महाराजांकडे न जाता, कंपनीची हमी असलेल्या सावकारांच्या देण्याकडे वळवण्यात आले. महाराज गादीवर होते, राजवाडा होता, हत्ती होते, सवारी निघत होती. फक्त पैसा येईनासा झाला होता.

आमच्या बचत खात्याची आठवण आम्हाला इथे झाली. या जप्तीत पक्ष तीन आहेत. एक धनको, म्हणजे पेढ्या. दुसरा ऋणको, म्हणजे महाराज. आणि तिसरा, ज्याचा या भांडणाशी संबंध नाही पण ज्याच्याकडून ऋणकोला पैसे यायचे आहेत, म्हणजे महालांतली रयत आणि तिचा वसूल करणारे कमाविसदार. या तिसऱ्याला सांगितले जाते की पैसे मालकाला देऊ नकोस, इकडे दे. आजच्या कायद्यात या तिसऱ्याला 'गार्निशी' म्हणतात. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ 'ज्याला इशारा दिला आहे तो' असा आहे. आमच्या बाबतीत तो तिसरा म्हणजे आमची बँक. कारण खात्यातले पैसे ही आपली पेटीत ठेवलेली वस्तू नसते; बँक आपली तेवढी देणेकरी असते, एवढेच. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८४८ मध्ये हे तत्त्व घालून दिले आणि आपल्याकडेही तेच मानले जाते. बँकेत पैसा ठेवणारा प्रत्येक जण बँकेचा सावकार असतो, आणि त्या सावकाराचा सावकार बँकेच्या दारात उभा राहू शकतो.

महाराजांची जप्ती उठली १८३२ मध्ये. गव्हर्नर लॉर्ड क्लेअर स्वतः बडोद्यास आले, महाराजांनी पेढ्यांशी परस्पर तडजोड केली आणि महाल परत मिळाले. जे काम चार वर्षे टाच ठेवून झाले नाही, ते धनको आणि ऋणको समोरासमोर बसल्यावर झाले. पुढे आमचेही प्रकरण असेच मिटले, म्हणून ही नोंद मुद्दाम करतो.

दोन वर्षे : १८७५ आणि १९०८

महाराजांची ही गत, तर साध्या शेतकऱ्याची काय असेल? १८५९ मध्ये इंग्रजी मुलखात दिवाणी कामकाजाचा पहिला एकत्रित कायदा आला. सावकाराच्या हाती कोर्टाचा हुकूमनामा आला आणि दख्खनचा कुणबी घरदार, जमीन, बैल गमावू लागला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी दंगा झाला आणि तो आसपासच्या गावांत पसरला. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. कर्जखते बाहेर काढून त्यांच्या होळ्या केल्या गेल्या. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला. खतावरचा आकडा डोळे झाकून न मानता मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले.

सुप्याच्या दंग्यानंतर पंधराच दिवसांनी, २७ मे १८७५ रोजी, नाशिक जिल्ह्यातल्या कौळाण्याचा एक मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक आला. तेच आपले तिसरे सयाजीराव महाराज. ज्या राज्याचे उत्पन्न कधी काळी सावकारांकडे वळवले गेले होते, त्या राज्यात त्यांनी २० जुलै १९०८ रोजी दहा लाखांच्या भांडवलावर बँक ऑफ बडोदा सुरू केली. योगायोग असा, की त्याच १९०८ च्या मार्चमध्ये इंग्रजी हिंदुस्थानाचा नवा दिवाणी कायदा मंजूर झाला. तो १ जानेवारी १९०९ पासून लागू झाला आणि आजही चालू आहे. बडोदे संस्थानाचे कायदे त्या वेळी वेगळे होते. १ मे १९४९ रोजी विलीनीकरण झाले आणि आपणही त्या कायद्याखाली आलो.

कायदा काय काय सोडतो

या १९०८ च्या कायद्याचे ६० वे कलम प्रत्येक नोकरदाराने एकदा वाचावे असे आहे. त्यात कशावर जप्ती आणता येणार नाही याची यादी आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरिवाजाप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि बैल. सरकारी पेन्शनवरही टाच येत नाही. पगारासाठी हिशेब असा : पोटगीचा हुकूमनामा सोडून इतर देण्यांसाठी पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश सुरक्षित राहतात. म्हणजे जप्तीसाठी धरायचा पगार ३१,००० असेल, तर १,००० बाजूला काढून उरलेल्या ३०,००० पैकी जास्तीत जास्त १०,००० कापता येतात. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकूण २४ महिने झाली, की त्या हुकूमनाम्यापुरता पगार मोकळा होतो. ही यादी वाचताना आम्हाला दामदुपटीची आठवण झाली. देणे फेडायचे, पण चूल विझवायची नाही, हेच सूत्र दोन्हीकडे आहे.

बँकेतल्या शिलकेसाठी १९७६ च्या दुरुस्तीने सविस्तर नियम घातले, ते पुढच्या वर्षापासून लागू झाले. न्यायालय बँकेला नोटीस काढते : पैसे कोर्टात भरा किंवा हजर राहून हरकत सांगा. बँकेने पैसे भरले की खातेदाराशी तिचा तेवढा हिशेब मिटतो. म्हणून शाखेतल्या बाईंवर रागावण्यात अर्थ नसतो. त्या १८२८ च्या कमाविसदाराच्या जागी असतात.

आणि जामीनदाराचे काय? १८७२ च्या करार कायद्याचे १२८ वे कलम सांगते की करारात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच. "आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या" असे म्हणण्याचा हक्क त्याला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच हे स्पष्ट केले आहे. आम्ही तेच वाक्य वकिलांना तीनदा बोललो आणि तीनदा ऐकून घेतले. मात्र जामीनदाराने भरलेले पैसे मूळ ऋणकोकडून परत मागण्याचा हक्क त्याला आहे. शिवाय 'वेगळे लिहिलेले नसेल तर' हे शब्दही महत्त्वाचे आहेत. आपली हमी किती रकमेपुरती, ते कागदावर लिहून घेता येते. हे आम्हाला सही करण्यापूर्वी कुणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

शेवटी

आमच्या प्रकरणात आम्ही सहकाऱ्याचे नवे गाव शोधून काढले. तिथे जाऊन भांडण करायचे असे ठरवूनच गाडीत बसलो होतो. दार त्यांनीच उघडले. पत्नीच्या आजारपणात सगळे गेले होते आणि लाजेने त्यांनी फोन नंबर बदलला होता. आम्ही दोघे मिळून सोसायटीत गेलो, एकरकमी तडजोड झाली. निम्म्याहून अधिक रक्कम आम्ही भरली आणि खाते मोकळे झाले. त्यानंतर दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत त्यांच्याकडून काही ना काही येत राहिले. सगळे अजून फिटलेले नाही. पण गणपतीला ते दरवर्षी आमच्याकडे जेवायला येतात आणि त्या दिवशी हिशेबाचा विषय कुणी काढत नाही.

यंदा कार्यालयातला एक तरुण मुलगा कर्जाचा फॉर्म घेऊन आमच्याकडे आला. "काका, जामीन म्हणून सही हवी होती." आधीच्या आम्ही लगेच पेन काढले असते, आणि मधल्या काळातल्या आम्ही सरळ नाही म्हटले असते. आम्ही त्याला खुर्ची दिली, फॉर्म दोघांनी पहिल्या ओळीपासून वाचला, त्याचा पगार, हप्ता, घरखर्च कागदावर मांडला, आणि आमची हमी ठरावीक रकमेपुरतीच राहील असे सोसायटीकडून लिहून आणायला सांगितले. पत्ता बदलला तर कळवीन, हप्ता चुकला तर आधी तुम्हाला सांगीन, एवढे वचनही त्याच्याकडून घेतले. तो चार दिवसांनी तसे लिहून घेऊन आला, तेव्हा सही केली.

कारण कुणीच कुणाचा हात धरायचा नाही असे ठरवले तर मंडळेही चालणार नाहीत आणि घरेही. परगावी, परभाषेत आपल्या माणसांनी दोन-तीनशे वर्षे पाय रोवले ते एकमेकांचे हात धरूनच. फक्त धरताना तो भार किती आहे ते पाहावे, आणि धरलेल्यानेही आपल्यापायी दुसऱ्याच्या चुलीवर टाच येणार नाही याची आठवण ठेवावी. विघ्नहर्ता सगळ्यांची खाती आणि नाती मोकळी ठेवो.

गणपती बाप्पा मोरया!